हलगी, तंबोरा आणि सोळा पॅड: पहिला सॅम्पलर घेताना

तासगावकडच्या एका ढोलकीवाल्या मुलानं विचारलंय. तो बेंजो पार्टीत वाजवतो, घरात जुना लॅपटॉप आहे, दोन सीझनच्या सुपाऱ्यांतून ५५ हजार बाजूला पडलेत. काकांची हलगी, गावातला धनगरी ढोल आणि गोंधळ्यांचं संबळ यांचे आवाज भरून त्याला स्वतःचं काहीतरी करायचंय, आणि जमलं तर ते स्टेजवरही न्यायचंय. त्यासाठी त्याला सॅम्पलर हवाय, म्हणजे आवाज भरून घेऊन ते पॅडवर बोटांनी किंवा काठीनं वाजवायचं यंत्र. अकाईचा एमपीसी वन घेऊ, रोलँडचा एसपी-४०४ एमके-टू घेऊ की रोलँडचाच एसपीडी-एसएक्स? दुकानदार एक सांगतो आणि व्हिडिओवाले दुसरंच सांगतात, असं त्याचं म्हणणं.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. तू एसपी-४०४ एमके-टू घे. पण सगळे पैसे त्यात घालू नकोस. एक बरा डायनॅमिक माईक, त्याचा स्टँड, दोन चांगल्या केबली आणि कानावर बसणारे बंद हेडफोन यांना पैसे राखून ठेव. त्यासाठी नवा नग सोडून वापरलेला घ्यावा लागला तरी चालेल. सॅम्पलर म्हणजे रिकामं भांडं. तू त्यात काय ओततोस त्यावर पुढची पाच-सात वर्षं जाणार आहेत, आणि ओतायचं काम माईक करतो.

मी मिरजेत राहतो. वीस-बावीस वर्षं ऑर्केस्ट्रा, नाटकांचं पार्श्वसंगीत आणि छोटा स्टुडिओ असं काम करतोय. या काळात सहा-सात सॅम्पलर हाताखालून गेले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे. यंत्रात आधीच भरलेले आवाज ऐकून निवड करणारा माणूस वर्षभरात कंटाळतो. आवाज आत कसा जातो, तो कापायला किती वेळ लागतो आणि वाजवताना बोटाखाली कसा येतो, हे तीन प्रश्न ज्यानं विचारले त्याचं यंत्र टिकतं.

तुझ्या यादीतली तिन्ही यंत्रं सॅम्पलर म्हणवतात खरी, पण तिघांची कामं वेगळी आहेत. एसपीडी-एसएक्स २०११ चा. त्याला नऊ पॅड आहेत आणि ते काठीनं वाजवायचे. मागे २०२२ मध्ये त्याचा प्रो अवतार आला. ऑक्टापॅडवाल्याला स्वतःचे आवाज हवे असतील तर त्याच्यासारखं दुसरं नाही. पण तुमच्या पार्टीत ऑक्टापॅडवर दुसरा माणूस बसतो असं तू लिहिलंयस, आणि तुझा हात ढोलकीचा आहे. तुझं सगळं कसब बोटांत आहे. बोटांच्या माणसानं काठीचं यंत्र घेऊ नये.

एमपीसी वन २०२० चा. सात इंची टचस्क्रीन, सोळा पॅड, आणि आत जवळजवळ अख्खा स्टुडिओ. कॉम्प्युटरशिवाय पूर्ण गाणं उभं करायचं असेल तर मी डोळे झाकून तोच घ्यायला सांगेन. एकेका पॅडवर आवाजाचे थर रचता येतात, म्हणजे हलका हात पडला तर हलकी थाप आणि जोरात पडला तर खणखणीत. ढोलकीसाठी हे फार मोलाचं आहे. पण त्याला माईक थेट लागत नाही, मधे माईकचा बारीक आवाज वाढवणारा मिक्सर किंवा प्रीअँप लागतो. बॅटरीही नाही. तुला शेतात, देवळात, हलगीवाल्यांच्या दारात जाऊन आवाज धरायचेत. तिथं अडॅप्टर, मिक्सर आणि एक्स्टेंशन बोर्डाचा संसार मांडेपर्यंत वाजवणारा माणूस चहाला उठून जातो. शिवाय गाण्याची मांडणी करायला तुझ्याकडं लॅपटॉप आहेच.

एसपी-४०४ एमके-टू २०२१ चा. त्याच्या पुढच्या बाजूला माईकची पिन सरळ खुपसता येते. तो सहा पेन्सिल सेलवर चालतो आणि पॉवर बँकेवरही चालतो. फक्त त्यात फँटम पॉवर, म्हणजे केबलीतून माईकला मिळणारी वीज नाही, म्हणून त्या विजेवर चालणारा कंडेन्सर माईक चालणार नाही. डायनॅमिक माईकला ती वीज लागत नाही, तो म्हणालो ते त्यासाठीच. त्याचा स्क्रीन लहान आहे आणि बटणांच्या जोड्या पाठ कराव्या लागतात, त्यामुळं पहिला महिना वैतागशील. आणि एमपीसीसारखे थर एका पॅडवर रचता येत नाहीत. ही उणीव खरी आहे, तिच्यावरचा उपाय पुढं सांगतो.

त्याच्या एका सोयीसाठी मी तो सुचवतोय. तिला स्किप-बॅक म्हणतात. यंत्र चालू असताना शेवटचे सुमारे पंचवीस सेकंद त्याच्या लक्षात असतात. तू रेकॉर्डचं बटण दाबलेलं नसलं तरी. गेल्या वर्षी एक ढोलकीवाले दादा माझ्याकडं आले होते. रेकॉर्डिंग म्हटल्यावर हात आखडले, सगळं मोजून-मापून वाजवलं. मी म्हटलं झालं, थांबू. त्यांनी ढोलकी मांडीवरून उतरवता उतरवता सहज एक लग्गी, म्हणजे जलद बोलांची लड सोडली. डावा हात कातड्यावर असा काही घासत गेला की त्या ‘घूं’मधून दोन सूर निघाले. मी एक बटण दाबलं आणि तो तुकडा जागेवर मिळाला. आजही माझ्या तीन कामांत तोच वाजतोय. आपल्याकडचे वादक वहीतलं वाजवत नाहीत, मूड लागला की वाजवतात. अशांच्या सोबत काम करायचं असेल तर ही सोय बाकीच्या दहा सोयींवर भारी आहे.

मेमरीबद्दल तू बराच काळजीत दिसतोस. ती काळजी सोड, हिशेब करून दाखवतो. सीडीच्या दर्जाचा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिटचा मोनो आवाज मिनिटाला साधारण ५.३ एमबी जागा घेतो. स्टिरिओ त्याच्या दुप्पट. हलगीची एक थाप अर्ध्या सेकंदाची असते. अशा शंभर थापा म्हणजे पन्नास सेकंद, साडेचार एमबीच्या आत. एसपी-४०४ मध्ये १६ जीबी आहे. टीनेज इंजिनिअरिंगचा ईपी-१३३ नावाचा हलका, स्वस्त नग २०२३ मध्ये आला तेव्हा त्यात फक्त ६४ एमबी होती आणि त्यावरही लोकांनी उत्तम काम केलं. १९८७ च्या ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये तर सगळी मिळून दहा सेकंद मावायची. बारा बिट, सेकंदाला सव्वीस हजारांच्या आसपास नमुने. न्यूयॉर्कची पोरं जागा वाचवायला मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगानं वाजवून भरून घ्यायची आणि आत गेल्यावर आवाज पुन्हा खाली ओढायची. त्यात दहा सेकंदांत साडेतेरा सेकंद बसायचे आणि आवाजाला एक खरखर यायची. आज तीच खरखर लोक इफेक्ट म्हणून मुद्दाम लावतात. तेव्हा जागा किती हे विचारूच नकोस. कापायला किती बटणं दाबावी लागतात ते विचार.

लयीचा मुद्दा मात्र कुणी दुकानदार सांगणार नाही, आणि आपल्यासाठी तो सगळ्यात मोठा आहे. ही यंत्रं जिथं घडली तिथलं संगीत चार-चारच्या हिशेबाचं, म्हणून उघडल्या उघडल्या ठोके भरायची सोळा घरं समोर येतात. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो सोळात सुखानं बसतो. दादऱ्याला सहा किंवा बारा घरं लागतात, रूपकाला सात किंवा चौदा. एमपीसीमध्ये मात्रांचं माप बदलता येतं. इलेक्ट्रॉन कंपनीच्या डिजिटॅक्ट या सॅम्पलरमध्ये तर प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते, म्हणजे हलगी आठात आणि तुणतुणं सहात फिरवून बघ, अंगावर काटा येतो. डिजिटॅक्ट तुझ्या खिशाबाहेर आहे म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. एसपीवर माझी पद्धत वेगळी आहे. ठेक्याचं एक अख्खं आवर्तन हातानं वाजवून घ्यायचं, तेच एक सॅम्पल करायचं आणि लूप लावायचं, म्हणजे ते फिरत राहतं. ते सहाचं असो की सातचं, यंत्राला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

लयीचंच आणखी एक. १९८८ चा अकाई एमपीसी६० रॉजर लिन यांनी घडवला आणि त्याची लय जगभर गाजली. त्यामागचा हिशेब साधा आहे. सोळांशांच्या दोन ठोक्यांची जोडी धरायची आणि त्यातला दुसरा किती उशिरा पाडायचा ते टक्क्यांत सांगायचं. ५० म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास गेलं की तिगुणाचा झोल. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ती जोडी २५० मिलिसेकंदांची असते. सरळ वाजवलं तर दुसरा ठोका १२५ वर पडतो, ६६ टक्क्यांना १६५ वर. हा चाळीस मिलिसेकंदांचा फरक म्हणजेच ठेका ‘चालतो’ की ‘डुलतो’ यातला फरक. तुझा हात हे न मोजता करतो. म्हणून क्वांटाइझ, म्हणजे ठोके आपोआप मात्रेच्या रेघेवर बसवणारी सोय बंद ठेवून वाजवायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. यंत्राच्या रेघेवर हात ओढून बसवलास तर इतक्या वर्षांत कमावलेली लग्गी एका बटणात सपाट होईल.

आता थापांचा उपाय. काळू-बाळूंच्या तमाशानं ज्या कवलापूरचं नाव महाराष्ट्रभर नेलं, त्या बाजूच्या एका हलगीवाल्या काकांकडं मी पावसाळ्यात आवाज धरायला गेलो होतो. हवेत ओल. काकांनी चिपाडांचा जाळ केला, हलगी फिरवून फिरवून शेकली, बोटानं टिचकी मारून ऐकली, परत शेकली. मग टिपरू उचललं. पहिल्या थापेला खोलीतली भांडी वाजली. मी खूश होऊन वीस-पंचवीस थापा एकामागून एक घेतल्या आणि घरी येऊन ऐकतो तर शेवटची थाप पहिल्यापेक्षा चांगली खाली उतरलेली. कातडं निवत होतं आणि सूर ढळत होता. पॅडवर शेजारी शेजारी लावल्यावर दोन वेगळ्या हलग्या वाटायला लागल्या. दुसऱ्या दिवशी परत गेलो. या वेळी दर पाच थापांनंतर हलगी जाळावर धरली. तूही तसंच कर. एकाच ताणावर जोराची, मध्यम आणि हलकी अशा प्रत्येकी तीन-चार थापा घे आणि वेगवेगळ्या पॅडवर शेजारी लाव. एकच थाप पुन्हा पुन्हा वाजली की कान लगेच ओळखतो, ती मशिनगन वाटते. दोन बोटांनी दोन जवळच्या थापा आळीपाळीनं वाजवल्या की जीव येतो. थर नसल्याची उणीव अशी भरून काढायची.

माईक हलगीच्या समोर नाक लावून ठेवू नकोस. हातभर लांब आणि थोडा तिरका ठेव. लेव्हल सगळ्यात मोठ्या थापेवर लाव आणि तिच्याही वर थोडी जागा सोड. एकदा आवाज फाटला की कुठलंही यंत्र तो शिवून देत नाही. ढोलकीच्या बाबतीत उघडी थाप आणि दाबलेली थाप एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाक, म्हणजे दाबलेली वाजली की उघडीची गुंज तिथंच तुटेल. खऱ्या ढोलकीत तसंच होतं, कारण कातडं एकच असतं.

तंबोऱ्याचंही तू विचारलंयस. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या सतारमेकर गल्लीचा उल्लेख सगळीकडं झाला. त्या गल्लीत बसून जवारी काढताना बघणं हेच एक शिक्षण आहे. कारागीर घोडीवरून कानस किंचित फिरवतो, तारेखाली सुताचा जीव सरकवतो, आणि बोथट वाजणारी तार एकदम मधमाश्यांसारखी गुणगुणायला लागते. तो गुणगुणाट सॅम्पलरमध्ये सगळ्यात आधी मरतो. लोक काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला) तंबोरा भरतात आणि सूर वर ओढून काळी तीनला वाजवतात. पाच अर्धस्वर वर गेल्यावर जवारी पत्र्यासारखी चिरचिरते, आणि आवर्तनही तेवढंच घाईचं होतं. दोन अर्धस्वरांच्या पलीकडं ओढू नकोस. काळी एक, सफेद तीन, काळी तीन असे तीन-चार सूर वेगवेगळे लावून घे. दुसरं म्हणजे लूप कुठं तोडायचा. पंचम, जोड, खर्ज असं पूर्ण आवर्तन तीन-चार वेळा होऊ दे आणि मग पंचमाची तार छेडण्याच्या केसभर आधी काप. मधेच कापलंस तर दर फेरीला ‘टक्’ ऐकू येईल आणि गाणारा सुरापेक्षा त्या टक्-कडंच लक्ष देत बसेल.

स्टेजचं सांगतो, कारण इथं मी मार खाल्लाय. एका जत्रेत जनरेटरवर कार्यक्रम होता. हॅलोजन लागले, व्होल्टेज ढासळला, माझा तेव्हाचा सॅम्पलर बंद पडून परत चालू झाला. सेव्ह न केलेले दोन तासांचे बदल गेले आणि समोर गाणं सुरू होतं. तेव्हापासून स्टेजवर मी सॅम्पलर पॉवर बँकेवरच चालवतो आणि साउंड चेक झाला की आधी सेव्ह करतो. लॅपटॉपच्या यूएसबीवरून करंट घेऊन तोच लॅपटॉप मिक्सरला जोडलास तर बहुतेक वेळा घूंऽऽ असा हम येतो. पॉवर बँकेनं तोही जातो.

भंडारा आणि गुलाल. धनगरी ढोलाचा कार्यक्रम असला की हळद उधळली जातेच, आणि ती पॅडच्या फटीतून आत गेली की पॅड दोनदा वाजतो किंवा वाजतच नाही. स्वयंपाकघरातली पातळ चिकटणारी प्लॅस्टिक फिल्म वरून ताणून लाव. बोटाला फरक जाणवत नाही, कार्यक्रम संपला की काढून टाकायची.

वापरलेला नग बघायला जाशील तेव्हा सगळे पॅड हलक्या आणि जड, दोन्ही हातांनी वाजव. प्रत्येक नॉब सावकाश फिरव आणि हेडफोनमध्ये खरखर येते का ऐक. कार्ड घालून सेव्ह कर, बंद कर, चालू कर, परत उघड. माईक लावून एक आवाज भरून बघ, कारण सगळ्यात जास्त खेचाखेच त्या पिनेची झालेली असते. विकणारा यातलं काहीही करू देत नसेल तर घरी ये.

किमतीबद्दल एवढंच सांगतो की अमेरिकेत एसपी ४९९ डॉलरला आणि एमपीसी वन ६९९ डॉलरला बाजारात आला होता. इकडं येईपर्यंत आयात शुल्क आणि कर चढतात, दुकानागणिक आकडा बदलतो. सांगली-कोल्हापुरात हे नग शोकेसमध्ये क्वचित दिसतात, बहुतेक मागवावेच लागतात. म्हणून वॉरंटीचं पक्कं बिल घे. कोर्गचा व्होल्का सॅम्पल स्वस्त पडतो म्हणून तुला कुणीतरी सुचवलाय. तो वाजवायला छान आहे, पण त्याला माईक लागत नाही, आवाज बाहेरून पाठवावे लागतात. तुझं कामच आवाज धरण्याचं आहे, त्यामुळं तो तुझा नव्हे.

जुन्या लावण्यांच्या तबकड्यांतून तुकडे घ्यायचे का, हा तुझा शेवटचा प्रश्न. घरी शिकायला खुशाल घे, शिकण्यासाठी त्याच्यासारखी शाळा नाही. पण प्रसिद्ध करायचं असेल तर थांब. आपल्याकडं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो. शब्द आणि चालीचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तबकडी मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं झालं असं नसतं. आणि हे कायद्याचं झालं. त्यापलीकडं एक आहे, ते मला मनापासून सांगायचंय. गावातल्या हलगीवाल्याचा, गोंधळ्याचा आवाज घेशील तेव्हा त्याला आधी नीट सांग की हा आवाज मी साठवणार, कापणार, गाण्यात वापरणार. त्याला बिदागी दे, गाण्याखाली नाव लाव. घरातले काका असले तरी. त्या थापेमागं त्यांची चाळीस वर्षं आहेत, आपण फक्त बटण दाबतोय.

धरलेले आवाज तीन ठिकाणी ठेव: यंत्रात, लॅपटॉपमध्ये आणि गावाबाहेर कुणाकडं तरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं तेव्हा माझ्या एका मित्राच्या तळमजल्यावरच्या दोन हार्ड डिस्क चिखलात गेल्या. त्यात एका म्हाताऱ्या चौंडकंवाल्याचं तासाभराचं वादन होतं. ते पुढच्या वर्षी वारले. यंत्रं आम्ही परत घेतली.

दुकानात जाशील त्या दिवशी स्वतःचे हेडफोन ने आणि फोनवर काकांच्या हलगीचं एक साधं रेकॉर्डिंग करून ने, अर्धा मिनिट पुरे. आतले तयार आवाज ऐकवायला लागले तर नम्रपणे नको म्हण. फोनची केबल लाइन इनला जोडायला सांग, ते अर्धा मिनिट आत घे, आठ तुकडे कर, आठ पॅडवर लाव आणि भजनी ठेका वाजवून बघ. पहिल्यांदा करताना विचारत विचारत वीस मिनिटं लागतील. लगेच दुसऱ्यांदा कर, आता कुणाला न विचारता. दुसऱ्या वेळी पाच मिनिटांत झालं आणि हात ठेक्यावर राहिला, तर तिथंच पैसे मोज.